फुटाणे

“त्यांना सांगायचं नाही,” मी डॉक्टरांना म्हटलं.

डॉक्टर माझ्याहून वयाने लहान होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “पेशंट शिकलेले आहेत. विचारतील.”

“विचारू देत. यकृताला सूज आहे म्हणून सांगा. मीही तेच सांगीन.”

“आणि पुढे?”

“पुढचं मी बघते.”

नाना बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. घडीची पांढरी काठी मांडीवर आडवी. माझ्या चपलेचा आवाज ओळखून ते उठले. आम्ही मिरजेहून सांगलीला रिक्षाने निघालो. विश्रामबागेच्या अलीकडे त्यांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“यकृताला सूज आहे. पथ्य पाळायचं, गोळ्या घ्यायच्या. दोन-तीन महिन्यांत उतरेल.”

नानांचं बोट गुडघ्यावर हललं. एक बाकदार रेघ, एक टिंब, आणखी एक रेघ. जिल्हा न्यायालयात त्यांनी सगळी नोकरी लघुलेखक म्हणून केली होती. समोरचा माणूस बोलू लागला की त्यांचं बोट आपोआप लघुलिपीत ते टिपून घ्यायचं. मांडीवर, ताटाच्या कडेला, हवेत. माझं वाक्य संपलं तसं बोट थांबलं.

“बरं,” नाना म्हणाले.

घरी आल्यावर मी हातातले दवाखान्याचे कागद टेबलावर बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि कुकर लावला. तो जून होता. दसऱ्याला नाना नव्हते. त्याला आता सात वर्षं झाली.

कुकरची शिटी होते न होते तोच त्यांच्या खोलीतून फुटाणे सुरू झाले.

फुटाणे हा शब्द शेजारच्या लठ्ठेवहिनींचा. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत काचबिंदूने नानांचे दोन्ही डोळे नेले. त्यानंतर कितीतरी महिने ते खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई त्याआधीच गेली होती. मी कॉलेजात ग्रंथपाल. दिवसभर पुस्तकांत असायचे आणि संध्याकाळी येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मग कुणीतरी सांगितलं की पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. विकतचं परवडण्यासारखं नव्हतं. पण एक फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं सापडलं. ते मी सूचना वाचत वाचत बसवून दिलं.

“फुकट?” नानांना ते पटेना. “मग त्यांचं चालतं कशावर?”

“लोक आपापला वेळ देतात.”

“कोण लोक?”

“कुणीही. त्यातले बरेच तुमच्यासारखे, न दिसणारे. चूक सापडली की कळवायची. जमलं तर आपणच दुरुस्त करायची. मग ती दुरुस्ती सगळ्यांना मिळते.”

नानांनी विचार केला. “म्हणजे भंडाऱ्यासारखं. आधी जेवायचं, मग पंगतीत वाढायलाही उभं राहायचं.”

महिन्याभरात त्यांनी मॉनिटर काढून टाकायला लावला. “मला दिसत नाही, तुला बघायचं नाही. मग तो उजेड कुणासाठी?” तो लठ्ठेवहिनींच्या घरी गेला. नानांच्या टेबलावर राहिला एक कीबोर्ड आणि दोन स्पीकर. सुरुवातीला तो पत्र्याचा आवाज रेंगाळत बोलायचा. नानांनी रोज थोडाथोडा वेग वाढवला. उभं आयुष्य वकिलांचं भरधाव बोलणं टिपण्यात गेलेलं. तो कान सावकाश ऐकायला तयारच नव्हता. वर्षाच्या आत आवाज इतका वेगात गेला की तो मराठी आहे हेही कळेना. तापल्या वाळूत हरभरे तडतडावेत तसं काहीतरी ऐकू यायचं. लठ्ठेवहिनी गच्चीवरून ओरडायच्या, “काय हो नाना, लवकर लावलेत आज फुटाणे!”

आणि मग तो ग्रूप. हे सॉफ्टवेअर मराठीत वापरणाऱ्यांचा ई-मेलवरचा ग्रूप होता. तो चालवायच्या दमयंती हुलवान. जन्मापासून अंध, कऱ्हाडला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. नानांनी तिथे पहिलं पत्र लिहिलं ते सरकारी थाटात: कॉम्प्युटर मध्येच गप्प बसतो, कृपया मार्गदर्शन व्हावे. उत्तर आलं ते नानांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं.

“‘गप्प बसतो ही तक्रार नवऱ्याबद्दल करतात. इथे तीन ओळी लिहायच्या. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आणि विचारण्याआधी जुनी पत्रं वाचायची.’ काय बाई आहे! उलटतपासणीला उभी करावी अशी.”

मला राग आला होता. नाना मात्र कित्येक महिन्यांनी हसत होते. पुढे त्यांनी ती तीन ओळींची रीत घरातही चालू केली. आमटीत मीठ जास्त झालं की ताटावरून आवाज यायचा, “काय केलं: आमटीचा घास घेतला. काय व्हायला हवं होतं: आमटी. काय झालं: रत्नागिरी.”

दमयंतीबाईंचा आणखी एक नियम होता. कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी स्वतः ती चूक घडवून, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय त्या मान्य करायच्या नाहीत. नानांना याचंच सगळ्यात कौतुक. “ऐकीव पुरावा चालत नाही त्यांना,” म्हणायचे.

मिरजेला गेलो त्या वर्षी ग्रूपने छापील कागद वाचण्याचं काम हाती घेतलं होतं. कागद स्कॅनरवर ठेवायचा, कॉम्प्युटर त्यातली अक्षरं ओळखणार आणि बोलून दाखवणार. मराठी छपाई त्याला जमत नव्हती, म्हणून निरनिराळे नमुने हवे होते. मी नानांना औषधांची खोकी आणून दिली, कॉलेजची परिपत्रकं दिली, लठ्ठेवहिनींच्या पुतण्याची लग्नपत्रिका दिली.

“श्री गाजर प्रसन्न,” नाना आतून ओरडले.

“काय?”

“गजाननाचं गाजर केलंय. आणि नवरीच्या जागी सभागृहाचा पत्ता. नवरदेव हॉलशीच लग्न करतोय.” मग स्वतःशीच, “इंग्रजी नीट वाचतं लेकाचं. मराठी आली की दातखीळ.”

मिरजेहून आल्यानंतरचे दिवस मी एका कामावर काढले: सूज. रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत जायचे आणि सुजेची एखादी नवी गोष्ट सांगायचे. आज डोळ्यांचा पिवळेपणा कमी वाटतोय. डॉक्टरांचा फोन होता, म्हणाले, औषध लागू पडतंय. खोटं बोलायला मला आधी तयारी करावी लागते. मी पुस्तकांत वाढलेली; वाक्य आधी मनात नीट लावून घेतल्याशिवाय तोंडातून निघत नाही. म्हणून त्यांच्या दाराबाहेर क्षणभर थांबायचे, मग आत जायचे.

कधीकधी मला हौसाबाई आठवायच्या. माझ्या लहानपणी त्या दारावर फुलांची पुडी द्यायच्या. त्यांच्या मुलावर खुनाचा खटला होता, आणि तो नानांच्याच कोर्टात. न्यायाधीश निकाल तोंडी सांगायचे, नाना टिपून घ्यायचे, टाइप करायचे. त्यामुळे आरोपीला कळायच्या आदल्या संध्याकाळीच निकाल नानांना माहीत असायचा. निकालाच्या दिवशी सकाळी हौसाबाईंनी दारात उभं राहून विचारलं, “साहेब, आज सुटंल न्हवं माजं पोरगं?”

नानांनी पुडी घेतली. “कोर्ट अकराला भरतं, मावशी. काहीतरी खाऊन जा.”

मुलाला जन्मठेप झाली. संध्याकाळी आई नानांवर भडकली. “तुम्हाला माहीत होतं! आणि चेहऱ्यावर एक रेघ उमटली नाही!”

“उमटली असती तर त्या बाईची सकाळसुद्धा गेली असती,” नाना म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मला वाटायचं, मी आता तेच करतेय. त्यांचीच मुलगी आहे, जमेल.

पुढच्या रविवारी दमयंतीबाई आल्या. कऱ्हाडहून एसटीने, एकट्या, खांद्याला पिशवी, हातात काठी. उंच, हाडापेराने मजबूत. उंबऱ्यावर काठी टेकवून त्या नानांना म्हणाल्या, “तगारे, तुमच्या घराला भडंगाचा वास येतोय. म्हणजे पत्ता बरोबर आहे.”

“या बाई, या! आठ वर्षं नुसतं भांडलो, आज तोंडं बघू.”

“बघा हो, बघा. मी छान दिसते असं सगळे आंधळे म्हणतात.”

मी हसले. खूप दिवसांनी घरात कुणी तरी हसण्यासारखं बोललं होतं. बाईंनी माझा आवाज ऐकून मान वळवली. “ही मुलगी का? ये, इकडे हात दे.” माझा हात त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ धरला.

दोघं टेबलाशी बसले. मी भडंग आणि चहा आणून ठेवला.

“वेग किती तुमचा?” बाईंनी विचारलं.

“पंच्याऐंशी.”

“माझा नव्वद.”

“तुम्ही फोनवाल्या. मी कोर्टातला. कोर्टात तारखा पडतात हो, घाई नसते.”

“लावा. काय म्हणता ते ऐकू दे.”

नानांनी बटणं दाबली. फुटाणे सुटले. मी दाराशी उभी होते. बाईंनी भडंगाची मूठ तोंडाकडे नेली होती, ती तिथेच राहिली. दोन-चार दाणे पदरावर पडले. आवाज थांबला.

“परत लावा,” बाई म्हणाल्या.

नानांनी परत लावलं. तेवढीच तडतड, तेवढाच वेळ. बाईंनी मूठ सावकाश ताटलीत रिकामी केली.

“काय झालं?” मी विचारलं.

“अगं, बाईंचा विश्वास बसत नव्हता,” नाना माझ्या दिशेने म्हणाले. “एक गोष्ट कळवली होती मी. स्वतः ऐकल्याशिवाय मानणार नाही म्हणाल्या. त्यासाठी एसटीचा प्रवास करून आल्या बघ.”

“मग? मान्य?” मी बाईंना विचारलं.

“मान्य,” बाई म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि काहीतरी टाइप केलं. फुटाणे. नानांनी ओढून घेतला, त्यांनी टाइप केलं. फुटाणे. दोन शाळकरी मुलं वर्गात चिठ्ठ्या फिरवतात तसं त्यांचं चाललं होतं. मला वाटलं, तांत्रिक काहीतरी असेल. त्यांच्या वादांत मी कधी पडत नसे. मी चहाचे कप उचलले. नाना मिस्कील आवाजात म्हणाले, “चहा निवला असेल तर बाईंना दुसरा दे. बाई गार चहा पिऊन कऱ्हाडला बदनामी करतील.”

बाई हसल्या नाहीत.

त्यांना स्टँडवर सोडायला मी रिक्षाने गेले. वाटेत त्यांनी विचारलं, “तुला तो आवाज समजतो?”

“नाही हो. मला ते फुटाणेच.”

“एवढ्या वर्षांत कधी ऐकावंसं वाटलं नाही?”

“ते त्यांचं आहे ना. दुसऱ्याची पत्रं कशाला ऐकायची?”

बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. “तीस वर्षं लोकांचे फोन जोडून देतेय मी,” त्या म्हणाल्या. “लाईनवर पुष्कळ कानावर पडतं. बोलायचं नसतं.” स्टँड आला. उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं. “एक शिकून ठेव. इन्सर्ट आणि कंट्रोल एकदम धरायचं आणि खालचा बाण दाबायचा. वेग उतरतो. वरच्या बाणाने चढतो. नुसतं इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की पुढचं वाचू लागतं. म्हण बघू.”

मी म्हणून दाखवलं. “पण मला कशाला?”

“नानांचे हात थकले की लागेल,” बाई म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

गौरी-गणपतीपर्यंत नाना खुर्चीत बसत होते. मग पलंगावर आले. लांब वायर आणून मी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर दिला, काही दिवसांनी तोही जड झाला. त्यांची बोटं एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत विसावायला लागली. भावाला मी कॅनडाहून बोलावून घेतलं होतं. त्याचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. “सुट्टी काढून येतोय, सहज,” असं नानांना सांगितलं होतं. नाना म्हणाले होते, “बरं.”

एका दुपारी त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, “बाईंचं पत्र आलंय का बघ. आलं असेल तर लाव.”

त्यांनी सांगितली ती बटणं मी एकेक करून दाबली. फुटाणे सुरू झाले. मी पलंगाच्या कडेला बसून होते. जरा वेळाने पाहिलं तर नानांचा श्वास संथ झाला होता, तोंड किंचित उघडं. झोप लागली होती. आवाज तसाच तडतडून थांबला. उठले की विचारतील, बाईंनी काय लिहिलंय; सांगता आलं पाहिजे, असं माझ्या मनात आलं. मी इन्सर्ट आणि कंट्रोल धरलं आणि खालचा बाण दाबला. आवाज आकडे सांगू लागला. ऐंशी. सत्तर. मी दाबत राहिले. चाळीसला थांबले, पत्राच्या सुरुवातीला गेले आणि वाचायला लावलं.

कितीतरी वर्षांनी त्या आवाजाचे पुन्हा शब्द झाले.

आधी नानांचं जुनं पत्र आलं, कारण जुनं वर आणि उत्तर खाली हा बाईंचाच दंडक होता. तारीख आम्ही मिरजेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

‘काय केलं: मुलीने टेबलावर ठेवलेल्या गठ्ठ्यातला वरचा कागद स्कॅनरवर ठेवला. काय व्हायला हवं होतं: विजेचं बिल. काय झालं: स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. इंग्रजी वाचन उत्तम. एकही अक्षर चुकलेलं नाही.’

आमच्या घरात कागद लपवायची वेळ कधी आलीच नव्हती. कागद माझा आणि आवाज नानांचा, अशी वाटणी होऊन गेली होती. ते कागद उघड्यावर ठेवताना माझा हात थबकलासुद्धा नव्हता.

पत्र पुढे चाललं होतं. बाईंचं उत्तर: ‘विश्वास बसत नाही, तगारे. स्वतः ऐकीन. रविवारी येते.’ आणि त्याखाली, रविवारनंतरचं: ‘घरी नीट पोचले. परत सांगते, मुलीला सांगून टाका. ती एकटी वाहतेय सगळं.’

मग नाना. तोच पत्र्याचा आवाज, चढ नाही, उतार नाही.

‘बाई, ती रोज सकाळी माझ्या दाराबाहेर थांबते आणि मग आत येते. मला चहाचा कप बशीवर हललेला ऐकू येतो. निकाल माहीत असून रोजच्यासारखं बोलत राहायची सवय मला आहे, तिला नाही. तरी ती करतेय. मला कळलंय हे तिला कळलं तर ती दाराबाहेर थांबून कसली तयारी करणार? समोरासमोर बसून रडण्यातली माणसं आम्ही नाही. आपण नानांना शेवटपर्यंत जपलं, एवढं तिच्याजवळ राहू दे. माझ्यामागे तिला ते पुरवून पुरवून वापरता येईल.’

सर्वांत खाली त्या दिवशीचं, बाईंचं. एकच ओळ होती.

‘तीन दिवस तुमचं पत्र नाही. काय झालं?’

आवाज थांबला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. माझे हात बटणांवर तसेच होते.

“हळू बोलतंय गं आज,” नाना म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेले होते. ते केव्हा जागे झाले, की झोपलेच नव्हते, मला कळलं नाही.

“माझा हात लागला असेल, नाना.”

“वाढव मग. इतकं हळू मला ऐकवत नाही.”

मी इन्सर्ट आणि कंट्रोल धरलं आणि वरचा बाण दाबला. पन्नास. साठ. सत्तर. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा आखूड होत गेला. पंच्याऐंशीला मी थांबले. तेच पत्र पुन्हा सुरुवातीपासून लावलं. खोली फुटाण्यांनी भरून गेली, आणि त्यात एकही शब्द उरला नाही. संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.

“तुला काही कळलं का?” नानांनी विचारलं.

“मला कुठे कळतंय? फुटाणे नुसते.”

“हं.” मग म्हणाले, “बाईंना लिही, तगारे ठीक आहेत म्हणावं. आता मुलगी टाइप करते, तेव्हा सांभाळून लिहा.”

मी लिहिलं. कीबोर्ड बाजूला ठेवला, त्यांची उशी सारखी केली, आणि रोज सकाळी दाराबाहेर जेवढी थांबायचे तेवढी तिथेच, पलंगाशी थांबले.

“डॉक्टरांचा फोन आला होता, नाना. सूज उतरतेय म्हणाले.”

त्यांचं बोट चादरीवर हललं. एक बाकदार रेघ, एक टिंब, आणखी एक रेघ. मधे ते दमलं, थांबलं. मी वाट पाहिली. मग त्यांनी माझं वाक्य शेवटपर्यंत उतरवून घेतलं.

“बरं,” नाना म्हणाले.